जुन्या टाटा-मर्सिडीजचा ब्लॉक भंगारात कुठे मिळेल?

तापीकाठचा:
राम राम मंडळी. आजोबांचा ट्रक शेडमध्ये उभा आहे, जाळीवर अजून मर्सिडीजचा तारा आहे म्हणजे १९६९ च्या आधीचाच, कारण त्या वर्षी टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइम्लरचा करार संपला. एकेकाळी सावद्याहून केळी भरून जायचा. आता इंजिन खोललं तर ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्याला) थंड करणारं पाणी खेळतं त्या जॅकेटजवळ तडा आणि क्रँकच्या दोन जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागांवर, नख अडकेल एवढे ओरखडे. चोपड्यातला मिस्त्री म्हणतो भंगारातून दुसरं इंजिन आण, पण आणायचं कुठून आणि आणताना बघायचं काय? ट्रक लग्नसराईत भाड्याने द्यायचा नाहीये, फक्त चालू झालेला बघायचाय.

धुळे_चौफुली:
भाऊ, आधी तुझं इंजिन कोणतं ते नक्की कर, मग बाजारात जा. भंगारवाला सगळ्यालाच 'मर्सिडीज इंजिन' म्हणतो. ३१२ मॉडेलच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० एमएम आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२०, नंतरच्या ६९२ चा बोअर ९२ आणि स्ट्रोक तोच १२०, आणि ६९७ म्हणजे ९७ बाय १२८, तो वेगळाच प्रकार. बाहेरून नवख्याला कळत नाही. लेथवाल्याकडून मायक्रोमीटर मागून घे नाहीतर त्यालाच सोबत ने.
शोधायचं तर फक्त ट्रकच्या कटाईवर बघत बसू नको. जुनी टाटा इंजिनं गाड्यांपेक्षा जनरेटर, खडी क्रशर, कॉम्प्रेसर यांच्यावर चढवलेली जास्त सापडतील. आपल्याकडे धुळ्यात आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड दोन्ही येतात, हायवेच्या कडेने गॅरेज आणि भंगारवाले विचारत जा, मग मालेगाव, आणि तिथेही नाही मिळालं तर कुर्ला. फोनवर फोटो मागव पण पैसे फोटोवर देऊ नको.

ट्रान्सपोर्टवाला_जळगाव:
एवढं कशाला भो, सरळ ६९७ टाक आणि मोकळा हो, पार्ट गल्लीगल्लीत मिळतात, ओढही जास्त.

धुळे_चौफुली:
मग तारा तेवढा जाळीवर राहील आणि बाकी सगळं दुसऱ्याचं. त्याला चालू झालेला ट्रक बघायचाय, आजोबांचा. शिवाय माउंटिंग, क्लच, रेडिएटर सगळीकडे जुळवाजुळव निघेल ती वेगळीच.

बिडाचा_फिटर:
माझं ऐका, सुटा ब्लॉक किंवा सुटा क्रँक घेण्यापेक्षा पूर्ण इंजिन घ्या, बंद पडलेलं असलं तरी चालेल. कारण मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला खालून धरणारे अर्धगोल तुकडे) ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, एका ब्लॉकच्या कॅप दुसऱ्याला लावल्या की क्रँक जाम होतो नाहीतर बेअरिंग लवकर जातं. कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या कॅपचंही तसंच, नंबर जुळतात का बघा, खोलताना सेंटर पंचने खूण करा. दुकानदार सगळे नग एकाच ढिगात टाकतो आणि किलोवर विकतो, जोडी कोणाची कोणाशी त्याला काय देणंघेणं.
तडा बघायचा तर ब्लॉक घासून साफ करा, रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड टाका. तडा असेल तिथे रॉकेल परत बाहेर येतं आणि पुडीत ओली रेघ उमटते. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या काठाला, दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीला आणि हेडच्या बोल्टच्या भोकांजवळ नीट बघा. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून फटीत फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, वाकलं असेल तर फेसिंग करावं लागेल, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यावं लागेल.
क्रँकचे ओरखडे मला एवढे गंभीर वाटत नाहीत. ०.२५, ०.५० एमएम असा कमी साईजला ग्राइंड करून त्या मापाचं बेअरिंग टाकतात, फक्त आधी किती वेळा ग्राइंड झालाय ते मोजा. आणि तुमचा जुना ब्लॉक लगेच फेकू नका. बाहेरच्या जॅकेटचा तडा असेल तर स्टिचिंगने बंद होतो, पिना ठोकून. गॅस वेल्डिंगवाल्याच्या नादी लागलात तर बिडाला शेजारीच नवीन तडा पडायची भीती, ते काम हजारात एकालाच जमतं.

कागदवाला:
एक राहिलं. इंजिन नंबर आरसीवर असतो. दुसरं इंजिन टाकलं तर आरटीओत नोंद करावी लागते, म्हणून भंगारवाल्याकडून बिल घ्याच, नंबर घासलेला असेल तर हातही लावू नका, चोरीचा निघाला तर झंझट तुमच्या गळ्यात. आणि २०२१ चा तो विंटेज (जुन्या, जपलेल्या) गाड्यांच्या नोंदणीचा नियम दुचाकी आणि मोटारींसाठी आहे, ट्रक त्यात बसत नाही, एजंट सांगेल तरी पैसे देऊ नका.

तापीकाठचा:
मोजलं. बोअर ९१ च्या थोडा वर येतोय. म्हणजे ना ९०, ना ९२. आता?

धुळे_चौफुली:
३१२ च आहे बहुतेक, आधी कुणीतरी ओव्हरसाईज (मूळ मापापेक्षा मोठा) बोअर करून घेतलाय आणि वर थोडी झीज. पिस्टनच्या माथ्यावर आकडा ठोकलेला असतो, कार्बन खरवडून बघ आणि इथे टाक. तोपर्यंत डिझेल पंप आणि नोझल कोणाला देऊ नको, तो पंप अगदी जाम असला तरी डिझेल पंप दुरुस्त करणारा लॅबवाला त्यातून बरंच काही वाचवतो.