फक्त एसडीके वाढवलं आणि जुन्या फोनवर ॲप कोसळतंय (कोटलिन)

घाटावरचा_डेव्ह:
राम राम मंडळी. कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतलं आमचं डिलिव्हरीचं अँड्रॉइड ॲप आहे. कम्पाइल एसडीके (अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीची साधनं धरून ॲप बांधलं जातं ती) ३४ चं ३५ केलं, बाकी कोडला हात लावला नाही. अँड्रॉइड १५ वर मस्त चालतंय, अँड्रॉइड १२ वर पुढची ऑर्डर उघडली की धाडकन बंद. लॉगमध्ये ‘नो सच मेथड एरर’, म्हणजे अशी मेथडच सापडत नाही, आणि ओळ ही, रांगेतली पहिली ऑर्डर काढून घेणारी:

व्हॅल पुढची = रांग.रिमूव्हफर्स्ट()

रांग म्हणजे साधी म्युटेबललिस्ट, बदलता येणारी यादी. न बदललेली ओळ मोडते कशी?

चहाबाज:
क्लीन बिल्ड मारा. ग्रेडलची, म्हणजे ॲप बांधणाऱ्या टूलची, कॅश फार छळते.

घाटावरचा_डेव्ह:
मारलं. तेच.

जुना_जावावाला:
कॅश बिचारी निर्दोष आहे. ओळ तीच राहिली, तिचा अर्थ बदलला.

आजवर तुमचं रिमूव्हफर्स्ट हे कोटलिनच्या लायब्ररीतलं एक्स्टेन्शन फंक्शन होतं, म्हणजे लिस्टला बाहेरून जोडलेलं. ते ॲपसोबतच जातं, त्यामुळे फोन कितीही जुना असला तरी चालायचं. २०२३ मध्ये जावा २१ ने सिक्वेन्स्ड कलेक्शन (ठरलेला क्रम असलेल्या संग्रहांसाठीचा सामाईक प्रकार) आणलं आणि लिस्टलाच त्या नावाची मेथड मिळाली. एसडीके ३५ मध्ये तीच आली. कोटलिनचा नियम असा की क्लासची स्वतःची मेथड आणि एक्स्टेन्शन सारखंच असेल तर मेथड जिंकते. नव्याने कम्पाइल करताना कम्पायलरने गुपचूप ती उचलली. अँड्रॉइड १४ आणि त्याखाली ती अस्तित्वातच नाही.

गंमत म्हणजे स्टोअरवरची तुमची जुनी एपीके (ॲपची तयार फाइल) आजही सगळीकडे चालेल, कारण तिचा निवाडा कम्पाइल झाली तेव्हाच लागलाय.

घाटावरचा_डेव्ह:
डोक्यात प्रकाश पडला. पण जावावाल्यांना दुसरं नाव सुचलं नाही का?

जुना_जावावाला:
त्यांच्या घरात ते नाव जुनंच. डेकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांनी वापरता येणाऱ्या रांगेत, रिमूव्हफर्स्ट जावा ६ पासून आहे, तेच वर उचलून लिस्टला दिलं. मला तर ते रास्तच वाटतं. शेजारच्या भाषेची सगळी एक्स्टेन्शन्स तपासत बसले तर एकही मेथड वाढायची नाही.

जावास्क्रिप्टवाल्यांना ती मुभा नव्हती. २०१८ मध्ये ॲरेला ‘फ्लॅटन’ द्यायचं चाललं होतं, पण मूटूल्स ही जुनी लायब्ररी ॲरेला त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन जोडायची, ती वापरणाऱ्या साइट्स मोडायला लागल्या, म्हणून शेवटी ‘फ्लॅट’ नाव घेतलं. तिथे जुना कोड नव्या ब्राउझरवर पळतो आणि साइटचा मालक कुठे शोधणार? इथे उलटं, नवा कोड जुन्या फोनवर. दुरुस्ती करणारे तुम्ही निदान हयात आहात!

म्हणूनच ‘आम्ही फक्त भर घातली, काही काढलं नाही’ या आश्वासनावर मी डोळे झाकून विसंबत नाही.

चहाबाज:
मग आता रिमूव्हॲट(०) लिहायचं ना?

जुना_जावावाला:
हो, पण सरसकट शोधा-बदला करू नका. यादी रिकामी असताना रिमूव्हफर्स्ट ‘नो सच एलिमेंट’ हे एक्सेप्शन (चुकीचा इशारा) फेकतं, रिमूव्हॲट(०) ‘इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’. आधीचं एक्सेप्शन कुठे कॅच केलं असेल तर ते निसटेल. रिकामी रांग शक्य असेल तिथे रिमूव्हफर्स्टऑरनल घ्या, ते एक्सेप्शन न फेकता ‘नल’ (काहीच नाही) देतं, त्या नावाची मेथड लिस्टमध्ये नाही. रिमूव्हलास्टही याच माळेतला मणी, तोही शोधा. कोटलिनचा ॲरेडेक (कोटलिनचा स्वतःचा डेक) वापरला असेल तिथे हात लावू नका, त्याची मेथड त्याच्या स्वतःच्या घरची आहे.

घाटावरचा_डेव्ह:
रिमूव्हलास्ट तीन फायलींत सापडला. त्यातला एक पेमेंटच्या स्क्रीनवर. बसतो आता.