सेटलिस्ट लावायला एआय वापरलंय का कुणी? (४५ मिनिटांचा स्लॉट, खर्च शून्य)

तिसरी_तार: पाच जणांचा बँड आहे, मी बेस वाजवते. २२ गाणी बसलेली आहेत, निम्मी आमची स्वतःची, आणि स्लॉट मिळालाय ४५ मिनिटांचा. कुठली घ्यायची आणि कुठल्या क्रमाने, यावरून ग्रुपवर रोज वादावादी. गायिकेला वरच्या पट्टीतली गाणी लागोपाठ नकोत. गिटारिस्टची चार गाणी ड्रॉप डीमध्ये आहेत (सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवून वाजवायची) आणि गिटार एकच. क्रम एआयकडून लावून घेतलाय का कुणी? फुकटातलंच सांगा प्लीज, पैसे घालणार नाही आहोत.

काळी_चार: सरळ टॅबलेट घ्या, सेटलिस्टचं पैसेवालं अ‍ॅप घ्या आणि पान उलटायला ब्लूटूथ पेडल. मी तिन्ही घेतलंय. लोक शो संपल्यावर येऊन विचारतात कुठलं आहे म्हणून.

ठेकेदार: ती फुकटातलं म्हणतेय हो.
मी ड्रमर. एआयला नुसती गाण्यांची नावं देऊ नकोस. आमच्या वेळी त्याने प्रत्येकाचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) छातीठोकपणे सांगितला, ७० चं गाणं १४० म्हणून. गाणं ऐकलेलं नसतंच त्याने, नावावरून ठोकून देतो. तुमची स्वतःची गाणी तर त्याला कुठून माहीत असणार? आधी तक्ता करा: गाणं, पट्टी, बीपीएम, लांबी, ट्युनिंग, गळ्यावर ताण किती (१ ते ५). बीपीएम टॅप करून मोजा. हा तक्ता चिकटवा, मग क्रम विचारा.

पॅचकॉर्ड: बीपीएम स्पॉटिफायच्या एपीआयमधून (दुसऱ्या अ‍ॅपना डेटा द्यायची सोय) ओढता येतात की, टॅप कशाला करत बसायचं.

ठेकेदार: नव्या अ‍ॅपसाठी ते नोव्हेंबर २०२४ मध्येच बंद झालं. शिवाय रिलीज न झालेलं गाणं तिथे कसं सापडणार?

जुना_खेळाडू: आमच्या काळी समोरच्यांचे चेहरे बघून पुढचं गाणं ठरायचं. ग्रेटफुल डेड हा अमेरिकन बँड, ते ठरलेल्या यादीशिवाय वाजवायचे. आता हेही मशीनला विचारा.

निवांत_नोट: काका, ते तासन्‌तास वाजवायचे. हिला ४५ मिनिटांत उतरायचंय, मागे पुढचा बँड केबल घेऊन उभा असतो.

फेडर_वर: मी डीजे. एआयला सांगा, कॅमेलॉट व्हीलप्रमाणे (जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडलेलं डीजेंचं चक्र) शेजारच्या पट्ट्या लाव. ८ए म्हणजे ए मायनर, ८बी म्हणजे सी मेजर, त्यांना शेजारी ठेवा. सगळं लोण्यासारखं सरकतं.

ठेकेदार: डीजे दोन गाणी एकमेकांवर चढवतो, बँड थांबतो, टाळ्या होतात, कुणीतरी बोलतं. पाच गाणी एकाच पट्टीच्या आसपास आली की लोक फोन काढतात.

फेडर_वर: तुमचे काढत असतील.

निवांत_नोट: मुद्द्यावर या. मिनिटांची बेरीज एआयवर सोडू नका, ती स्प्रेडशीटमध्ये करा. आम्हाला त्याने ४४ मिनिटांची ११ गाणी देऊन 'अगदी बरोबर बसतंय' म्हणून सांगितलं होतं. मधलं बोलणं, ट्युनिंग, घोटभर पाणी, काहीच धरलं नव्हतं. चार-चार मिनिटांची नऊ गाणी म्हणजे ३६, मधल्या आठ जागांना अर्धं-पाऊण मिनिट धरलं की ४०–४२. तिथेच थांबा. आणि एकच यादी मागू नका, तीन मागा. प्रत्येक यादीत कुठली अट मोडली तेही लिहायला लावा. स्वतःहून सांगत नाही तो.

पॅचकॉर्ड: ड्रॉप डीचा एवढा बाऊ का? एक तार ई वरून डी वर उतरवायची, दहा सेकंदांचं काम.

सहावी_तार: साधा ब्रिज (गिटारवर तारा जिथे टेकतात तो भाग) असेल तर. फ्लोटिंग ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगवर तोललेला ब्रिज असेल तर ती एक तार सैल केली की बाकीच्या पाची वर चढतात, मग बस पिळत. ड्रॉप डीची गाणी एकत्र ठेवा, शक्यतो शेवटी, म्हणजे परत वर यायला नको.

काळी_चार: दुसरी गिटार घेतली की प्रश्नच मिटला.

रात्रपाळी: तक्ता करा आणि एआयला द्या, मीही हेच म्हणणार होतो. सुरुवात मात्र दणक्यात करा, संथ गाण्याने कधीच नाही. आणि यादी लाल मार्करने लिहू नका. लाल लाइट पडला की कागद कोरा दिसतो.

निवांत_नोट: दणकाच हवा. पण दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत गायिकेला वर नेऊ नका.

तिसरी_तार: सगळ्यांना धन्यवाद. तक्ता केला, तीन याद्या मागवल्या. ब्रिज फ्लोटिंगच निघाला, त्यामुळे ड्रॉप डीची दोनच ठेवली, अगदी शेवटी. बेरीज ४१. आणि सुरुवात आम्ही संथ गाण्यानेच करतोय, सगळे नको म्हणताय तरी. एआयनेही तिन्ही याद्यांत ते मध्येच टाकलं होतं. पण गायिका म्हणते, पहिल्याच गाण्यात मॉनिटरमध्ये (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) स्वतःचा आवाज नीट ऐकू आला की पुढचं सगळं गाते. गाणारी ती आहे.

जुना_खेळाडू: म्हणजे शेवटी माणसानेच ठरवलं.

ठेकेदार: तक्त्यावरून, काका.

काळी_चार: छान. मग टॅबलेट कुठला घेताय?