स्टेशनच्या नावाला 'रोड' लागलं की समजायचं, गाव अजून लांब आहे

घाटावरचा_मालवणी: गणपती स्पेशलने पहाटे तीनला सावंतवाडी रोडला उतरलो, दोन पोरं, चार बॅगा, वर पाऊस. स्टेशन मळगावात, सावंतवाडी पुढे सात-आठ किलोमीटर. रिक्षावाल्याने जो आकडा सांगितला त्यात माझं मुंबईपासूनचं स्लीपरचं तिकीट निघालं असतं. नाशिक रोड इंग्रजांनी लांब ठेवलं, ठीक, पण कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण झालेली, आपल्याच लोकांनी बांधलेली, तिची स्टेशनं गावात का नाहीत? रत्नागिरीचं कुवारबावला, चिपळूणचं वालोप्याला, आणि राजापूर रोडचं तर नावच काढू नका.

एकास_दीडशे: अहो ती एसटी आहे का, वाटेतलं गाव दिसलं की आत वळायला? या लाईनचा चढ 150 मीटरला 1 मीटर, त्याच्या वर नाही, आणि आखणी 160 च्या स्पीडची, म्हणजे वळणं पण मोठी. रत्नागिरी शहर समुद्राला टेकलेलं, तिथे जवळच पानवलचा पूल 64 मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरनं गाडी बाजारात उतरवायची आणि परत चढवायची, कशी ते सांगा.

कणकवलीकर: मग आमच्याकडे कशी उतरवली? आम्ही चालत जातो स्टेशनला 😄

एकास_दीडशे: तुम्ही वाटेतच होता. नशीब म्हणायचं.

वाशिष्ठीकाठची: चिपळूणचं लांब आहे तेच बरं. जुलै 2021 ला बाजारपेठेत काय पाणी होतं ते आम्ही माळ्यावर बसून बघितलंय. स्टेशन तिथे असतं तर तेही गेलं असतं.

घाटावरचा_मालवणी: पण ताई, वाशिष्ठीमुळे त्या दिवशी गाड्याही बंदच होत्या ना? मग लांब ठेवून काय मिळालं?

वाशिष्ठीकाठची: पूल बंद होता हो, दोन दिवसांनी चालू करता येतो. चिखलात बुडालेलं स्टेशन साफ करायला किती लागले असते, आमची दुकानं विचारा.

पंचवटीचा: नाशिकला स्टेशनपासून गावात यायला घोड्यांची ट्राम होती एकेकाळी, इतकं लांब. आता नाशिक रोड स्वतःच शहर झालंय, नोटा तिथे छापतात. पुणे स्टेशन तरी 1858 ला कुठे पेठांत होतं, बाहेरच होतं की, गाव वाढत वाढत गेलं. कुवारबावचं पण तेच होणार.

घाटावरचा_मालवणी: म्हणजे शंभर वर्षं थांबू मी बॅगा घेऊन?

पंचवटीचा: तसं नाही हो, पण पुण्यात आता उलटं चाललंय, स्टेशन इतकं मधोमध आलं की वाढवायला जागा नाही, म्हणून काही गाड्या हडपसरला नेल्या तर लोक म्हणतात फार लांब.

घाटावरचा_मालवणी: बरं, रूळ हलवा म्हणत नाही मी. रात्रीच्या गाडीला जोडून एक एसटी तरी ठेवा, मुकाट्याने तिकीट काढून बसतो.

कणकवलीकर: एसटी ठेवतील हो, पण गणपती स्पेशल तीन तास लेट आली की ती थांबणार का तुमच्यासाठी?

घाटावरचा_मालवणी: साडेतीन तास. आणि रिक्षावाला मात्र थांबला होता.