आवडीचा धंदा आणि पावसाळ्याचे चार महिने: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, गुहागर

मी गेली अकरा वर्षं घरी बसून लोकांचे हिशेब लिहिते. आंबावाले, खानावळवाले, दोन होड्यांचे मालक, एक पार्लरवाली. मार्च आला की पडवीत पिशव्या येऊन पडतात. त्यात बिलं, विजेच्या पावत्या, मधेच एखादी औषधाची चिठ्ठी. आकडेमोड मला शाळेपासून आवडते, त्यामुळे तक्रार नाही. पण एक गोष्ट दरवर्षी खटकते. वहीत डिझेल असतं, खोके असतात, पेंढा असतो, गड्याची मजुरी असते. मालकाची स्वतःची मजुरी कुठेच नसते. विचारलं तर हसतात. "आमची कसली मजुरी, आवड आहे म्हणून करतो."

परवा भाच्याने विचारलं, नोकरी सोडून गावात आवडीचं काही करू का? मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. त्याला इथले अनुभव दाखवायचेत. तेव्हा कोकणात राहून स्वतःच्या हातावर पोट भरणाऱ्यांनी लिहा. काय येत होतं, काय आवडत होतं, लोक पैसे कशाचे द्यायला लागले, पावसात काय करता. यशोगाथा नकोत, त्या पेपरात येतात.

पेटीवाला, कुडाळ

मला गाता येत नाही. आधीच सांगतो, कारण आमच्या घरात सगळे गातात. वडील भजनी बुवा, भाऊ पखवाजावर. मी लहानपणापासून पेटी उघडून आत काय आहे ते बघत बसायचो आणि मार खायचो.

आमच्या भागात पेट्यांना तोटा नाही. वाडीवाडीत भजनं, वर डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, आणि कार्तिकापासून दशावतारी नाटकं. पण हवा खारी आणि दमट. पितळी सुरांवर हिरवट थर चढतो, भाता कुठेतरी श्वास सोडतो, पट्ट्या फुगून अडकतात. सुराच्या पात्याचं टोक हलकेच खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. हात जरा जास्त पडला की संपलं, खरवडलेलं पितळ परत चढत नाही. हे काम मला दहा-दहा तास पुरतं. जेवायला हाक मारली तरी ऐकू येत नाही.

पैशांचं मात्र मला जमायचं नाही. "किती झाले?" म्हटलं की "द्या काय ते." एकदा रात्री अकराला कणकवलीकडचे लोक पेटी घेऊन आले, दुसऱ्या दिवशी त्यांची बारी होती. पहाटे चारपर्यंत बसून लावून दिली. जाताना एकजण दुसऱ्याला अंगणात म्हणाला, "अरे, तो पैशे मागना नाय रे, नारळ दी तेका." ते मला खिडकीतून ऐकू आलं. नारळ ठेवून गेले. त्याच सकाळी मुलीच्या वहीचं पान फाडून दरपत्रक लिहिलं आणि दाराला लावलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, बुवांकडून पैसे घेतो म्हणून. गिऱ्हाईक मात्र कमी झालं नाही.

पावसाळा हाच माझा हंगाम. श्रावणात घरात चालायला वाट नसते.

रातांबा, रत्नागिरी तालुका

आमच्याकडे आमसुलं म्हणतात, मालवणकडे सोलं. माझी आवड विचाराल तर शिवण. आमसुलं सासूबाईंकडून आलेलं घरचं काम, त्यात आवडबिवड काही नव्हती. मुंबईच्या जावा दर मे महिन्यात "तुझीच दे हो" म्हणून डबे भरून न्यायच्या. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. सात वर्षं फुकट वाटली.

कामाचं सांगते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धुऊन फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. गरात मीठ घातलं की रस सुटतो. वाळलेली सालं त्या रसात बुडवून पुन्हा वाळत घालायची. याला पूट देणं म्हणतात. मी पाच पुटं देते. पहिल्या पुटाला साल लालच असते, पाचव्याला काळसर आणि जड होते. दोन बोटांत धरून वाकवली तर वाकते पण मोडत नाही, तेव्हा झाली. रस बोटांना इतका चढतो की मे महिन्यात लग्नाला गेले की हात पदराखाली ठेवते.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा खळ्यात साठेक किलो माल होता. रातोरात उचलून माजघरात पसरला, पण वीज गेली, पंखे बंद, आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. सगळं माडांच्या आळ्यात ओतलं. 2025 ला तर मॉन्सूनच 25 मेला कोकणात आला, आणि त्याच्या आधीपासून पाऊस लागलेला. पण तोवर शहाणी झाले होते. ढग दिसले की सालं वाळत घालायची नाहीत, त्या दिवशीचे रातांबे आगळाला, म्हणजे खारवलेल्या रसाला. आगळाला मीठ लागतं, ऊन लागत नाही. राहिलेल्या बियांचं कोकमतेल, भेगांवर लावायला. ते पावसाळ्यात निवांत काढते.

आता दराचं. सुरुवातीला किलोला 250 लावले. रातांबे, मीठ, पिशव्या मिळून खर्च 140. वाटलं, 110 सुटले! मग गटातल्या एका मुलीने वेळ मोजायला लावला. तुकड्यातुकड्याने केलेलं काम एकत्र धरलं तर किलोमागे तीन तास. म्हणजे तासाला 37 रुपये. आमच्याकडे गवत काढायला येणाऱ्या बाईला आम्ही दिवसाला 400 आणि जेवण देतो. तिच्यापेक्षा मीच स्वस्त! दर 480 केला. निम्मी गिऱ्हाइकं गेली, वर्षभरात दुसरी आली. एक जाऊ अजून नीट बोलत नाही, त्याला इलाज नाही.

कागदपत्रांना घाबरू नका. छोट्या अन्नव्यवसायाच्या नोंदणीला तेव्हा वर्षाला 100 रुपये लागले, उद्यम नोंदणी फुकट झाली. लेबलं मात्र तीनदा छापली, दोन वेळा मीच काहीतरी विसरले. ड्रायरसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज काढलं, त्यात 35 टक्के अनुदान होतं. पण अनुदान म्हणजे हातात नोटा नव्हेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी कर्ज घ्यायचं, अनुदान बँकेत वेगळं राहतं, आणि तीन वर्षं हप्ते आणि धंदा नीट चालला तर कर्जातून वळतं होतं. मी "पैसे येतील" म्हणून नणंदेकडून उसने घेऊन ठेवले होते. फार ओशाळले.

शिवण आता फक्त नातीचे फ्रॉक. त्याचे पैसे घेत नाही आणि घेणारही नाही.

परत पुण्याला

माझं फसलं, तेही लिहितो.

राजापूर तालुक्यात समुद्राजवळ आमची जागा. पाहुण्यांसाठी तंबू, मासळीचं जेवण, रात्री तारे दाखवायचे असा बेत. स्वयंपाक मला खरंच चांगला येतो. कर्जासाठी बँकेत गेलो तर त्यांनी सातबारा मागितला. सातबारावर 23 नावं. त्यातली सहा माणसं वारलेली, वारस लागलेले नाहीत, दोघे परदेशात, आणि एक काका असे की आजोबांच्या तेराव्यापासून आमच्याशी बोलत नाहीत. कर्ज नाही. मग नोकरीतले साठवलेले नऊ लाख घातले. तंबू भरतीरेषेच्या फार जवळ होते, किनारा नियमांची नोटीस आली, ते उचलून मागे न्यावे लागले. मागे नेल्यावर समुद्र दिसेना, मग पाहुणे कशाला येतील?

पण खरं कारण ते नव्हे. मित्रांना खाऊ घालणं आवडणं आणि रात्री साडेअकराला "दुसरी चादर आणा" म्हणणाऱ्याला हसून चादर देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. मला पहिलं येतं. दुसऱ्या हंगामात मी एका कुटुंबाशी भांडलो, त्यांनी तसं नेटवर लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता पुन्हा नोकरी. महिन्यातून दोन शनिवार-रविवार कोकणात येऊन इतरांच्या खोल्यांचे आणि ताटांचे फोटो काढून देतो. त्याचे पैसे मिळतात आणि चादर द्यावी लागत नाही.

वेळासची सून

मला चादर देताना काही वाटत नाही हो. मला माणसं आवडतात, बोलायला आवडतं, एवढंच भांडवल. आमच्याकडे कासवांच्या हंगामात घरोघर पाहुणे असतात. अडचण एकच, पिल्लं आमच्या बुकिंगप्रमाणे निघत नाहीत. सकाळी किनाऱ्यावर घरट्यावरची टोपली उचलतात आणि खाली नुसती वाळू. मग पाहुणे माझ्याकडे बघतात. मी सांगते, पैसे जेवणाचे आणि राहण्याचे घेतलेत, कासवाचे नाही. घावणे-नारळाचा रस वाढला की राग जातो.

पावसात भातशेती. विश्रांती कुठली!

फ्रिजवाला, दापोली

माझी आवड क्रिकेट, त्यात धंदा नाही. चौदा वर्षं मुंबईत एसीच्या कामावर होतो, आई आजारी म्हणून 2019 ला परत आलो. मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले, सगळीकडे एसी खोल्या झालेल्या, पण बिघाड झाला की माणूस लांबून यायचा आणि पाहुणा तोवर खोली सोडून गेलेला असायचा.

समुद्राकाठी बाहेरचं युनिट खारं वारं खातं. अॅल्युमिनियमची कॉइल काही वर्षांत पीठ होते आणि तिला सांधा लागत नाही म्हटलं तरी चालेल. तांब्याची असेल तर गळती निदान सांधता येते. युनिट समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर लावू नका, महिन्याला गोड्या पाण्याने धुवा. हे मी फुकट सांगतो. लोकांना वाटतं, हा आपलंच काम कमी करतोय. पण मग एसी घ्यायच्या आधी मलाच फोन येतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं. आमच्याकडे महिनाभर वीज नव्हती, एसी कोण विचारतो. मी पत्रे चढवले, पंप दुरुस्त केले, जनरेटर चालू करून दिले. माझं काम एसीचं असं मी समजत होतो. लोकांच्या डोक्यात मात्र "फोन केला की येतो तो" अशी नोंद झाली होती. आजही माझी जास्त कमाई त्याच नोंदीवर आहे.

पावसाचं उत्तर: वार्षिक करार. खोल्या जून ते सप्टेंबर रिकाम्या, सर्व्हिसिंग तेव्हाच. पैसे मात्र मेअखेर घेतो, मालकाच्या खिशात असतात तेव्हा. ऑगस्टमध्ये मागून बघा, कोण देतंय ते.

कुंचला, सावंतवाडी

वरचे सगळे शहाणे आहेत. मी आवडीच्याच मागे गेले.

मी गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, हाताने रंगवते. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला राजवाड्यात पुन्हा उभी केली, नाहीतर आमच्या पिढीला ती दिसलीच नसती. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा: राजा, वजीर आणि एक ते दहा. एकापासून दहापर्यंतची चिन्हं मोजली तर एका अवताराची 55 होतात, दहांची 550. मत्स्याचा पहिला मासा हसरा येतो. चाळिसावा कंटाळलेला. त्या चाळिसाव्याला हसवता येणं म्हणजे या कामातलं कसब, असं मला वाटतं.

पूर्ण संचाला मला तीन महिने लागतात. किंमत ऐकली की लोक म्हणतात, "प्रिंट काढा ना." पहिली दोन वर्षं रडत काढली. मग एका कंपनीची भेटवस्तूंची मोठी ऑर्डर घेतली, 80 एकसारख्या डब्या, दिवाळीच्या आत. पैसे वेळेवर मिळाले, कुणाचा दोष नाही. पण नंतर तीन महिने कुंचला हातात धरवेना. आवड अशी मरते हे मला माहीत नव्हतं.

आता सुटे पत्ते चौकटीत घालून विकते आणि शनिवारी शिकवते. घर शिकवण्यावर चालतं, हे सांगायला लाज नाही. पावसात रंग सुकत नाहीत, तेव्हा फक्त रेखाटन. आणि वर्षाला एक पूर्ण संच, कुणाच्याही तारखेशिवाय. धागाकर्ती, त्या संचात मी माझी मजुरी धरत नाही. बाकी सगळ्यात धरते.

धागाकर्ती, गुहागर

चालेल. वहीत तसं वेगळं पान करा.

भाच्याने सगळं वाचलं. पुण्याच्या दादांचं दोनदा. काल त्याने आमचा सातबारा काढून आणला, अकरा नावं निघाली. त्यातलं एक माझं आहे, हे मलाच माहीत नव्हतं.

रातांबा, रत्नागिरी तालुका

पेटीवाले, आमच्या वाडीतल्या पेटीचा मधला पंचम बसलाय. गणपतीआधी होईल का?

पेटीवाला, कुडाळ

आषाढातच पाठवा, श्रावणात जागा नसते. दर दारावर लावलेला आहे, फोटो पाठवतो. आणि नारळ नको. आमसुलं चालतील, ती 480 ने लावा.