मदत हवी आहे : कोड लिहिण्याआधीच पॅटर्न ठरवावेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मिळून एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर करतोय. अजून कोड नाही, गरजा समजून घेणं चालू आहे. प्रश्न पॅटर्नचा, म्हणजे माहितीच्या रचनेच्या तयार साच्यांचा.

मागच्या अशाच कामात आम्ही सभासद, कर्जदार, जामीनदार, ठेवीदार अशी डेटाबेसमध्ये चार वेगळी टेबलं (माहितीचे तक्ते) केली होती. माणूस मात्र एकच! पत्ता बदलला की चार ठिकाणी बदला. एखादं राहिलं की नोटीस जुन्या पत्त्यावर. निस्तरताना फार त्रास झाला. म्हणून या वेळी सुरुवातीलाच ‘पार्टी-रोल’ पॅटर्न घ्यावा असं मला वाटतं : व्यक्ती किंवा संस्था ही एकच नोंद, तिच्या भूमिका तारखांसह वेगळ्या. व्यवहारांना दुहेरी नोंद (प्रत्येक रक्कम एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा), त्यावर वाद नाही.

सहकाऱ्याचं म्हणणं, तीच रचना तिसऱ्यांदा लागेल तेव्हाच सामाईक करावी, नाहीतर क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञा) उगाच किचकट होतात. त्याचंही पटतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा, संयुक्त खातं आणि नॉमिनी यात कसे बसवलेत? आणि व्यवस्थापकांकडून हे तपासून कसं घेतलंत? रचनेची आकृती दाखवली की ते नुसती मान डोलावतात, चूक असली तरी.