सामाईक सातबारा, वडिलांचे निधन आणि पीएम किसानचा हप्ता

प्रश्न (राजापूर तालुका)

आमची जमीन सामाईक असून सातबाऱ्यावर एकवीस नावे आहेत. त्यांपैकी निम्मे खातेदार हयात नाहीत आणि उरलेले बहुतेक मुंबईकडे आहेत. वडिलांचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांना पीएम किसान योजनेचे हप्ते मिळत होते. निधनानंतरही त्यांच्या मोबाईलवर दोन हजार रुपये जमा झाल्याचा संदेश आला. आईने ती रक्कम काढलेली नाही, पासबुक देवापाशी ठेवले आहे. आईच्या नावाने अर्ज करायला गेलो, तेव्हा एकवीसही जणांची संमतिपत्रे आणा, असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? शिवाय वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) काजूची लागवड करण्याचाही विचार आहे.

उत्तर (देवगड)

पीएम किसानसाठी सहहिस्सेदारांची संमती लागत नाही. एकाच सातबाऱ्यावर अनेक कुटुंबांची नावे असली, तरी प्रत्येक पात्र कुटुंब स्वतंत्रपणे वर्षाला सहा हजार रुपयांस पात्र ठरते; कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी, ही अट आहे. पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेली जमीन तिला अपवाद आहे. म्हणून वडिलांच्या नावाचा २०१९ पूर्वीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) आणि नवीन वारस फेरफार, असे दोन्ही अर्जासोबत जोडावेत.

आपल्याकडे वारस नोंद आणि वाटप यांची नेहमी गल्लत होते. वाटपाला सर्व हिस्सेदार लागतात, वारस नोंदीला लागत नाहीत. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा. महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, तेव्हा आपल्या हातात एकच महिना आहे. वडिलांचे नाव कंसात जाऊन (म्हणजे कमी होऊन) आईचे आणि आपणा सर्व भावंडांचे नाव लागेल. विवाहित बहिणींची नावे कृपया वगळू नका. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक काढून, आधार बँक खात्याशी जोडून ई-केवायसी करावे. राज्याच्या नमो शेतकरी योजनेसाठी वेगळा अर्ज नाही.

उत्तर (गुहागर)

आईंनी रक्कम काढली नाही, हे फार योग्य झाले. आमच्या वाडीत एका घरी मयत काकांच्या खात्यावर दीड वर्ष हप्ते येत राहिले आणि ते किराणा, औषधे यांवर खर्च झाले. पुढे वसुलीची नोटीस आली, तेव्हा काकूंना सगळी रक्कम एकदम उभी करावी लागली, आणि त्या माउलीला आपण काही चूक करीत आहोत याची कल्पनाही नव्हती. मृत्यूची माहिती तालुक्याच्या ठिकाणी लेखी कळवून पोच घ्यावी आणि मृत्यूनंतरचा हप्ता परत करावा. नमो योजनेचा हप्ताही जमा झाला आहे का, हे पासबुक भरून पाहावे.

उत्तर (सावंतवाडी)

संमतिपत्राची अट खरी आहे, पण ती आपल्या काजूला लागू होते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत संयुक्त खातेदार असल्यास इतरांची संमती आवश्यक असते, आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाचीही. बहुधा तेथे दोन्ही योजनांची सरमिसळ झाली असावी. कोकणासाठी किमान दहा गुंठे आणि कमाल दहा हेक्टर अशी मर्यादा आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. दुसऱ्या वर्षाची रक्कम कोरडवाहू बागेत ८० टक्के झाडे जगली तरच मिळते, आणि सड्यावर एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावाचून रोप टिकत नाही, म्हणून आधी पाण्याची सोय पाहावी. सह्यांसाठी गणपतीसारखी वेळ नाही. सगळे घरी असतात, तेव्हा मयत खातेदारांच्या वारसांची यादीही त्याच बैठकीत करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. सोमवारी वारस नोंदीचा अर्ज देतो. आजोबांच्या एका भावाचे नाव १९७० च्या सुमारापासून तसेच आहे आणि त्यांचे वारस कोठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. काजूच्या संमतीसाठी त्यांचे काय करावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?