शब्दचर्चा : सिंगिंग काउगर्ल

प्रश्न : अमेरिकी गायिका-अभिनेत्री डेल इव्हान्सवरच्या लेखाचं भाषांतर चाललंय. 'सिंगिंग काउगर्ल'ला 'गाणारी गवळण' चालेल का? 'वेस्टर्न'ला 'पाश्चात्त्य' केलंय.

– दोन्ही काढा. गवळण म्हटली की दुधाचे माठ आणि मथुरेचा बाजार आलाच. शिवाय तमाशातली गौळण हा गाण्याचाच प्रकार, म्हणजे घोळ दुप्पट. 'गुराखीण'ही नको, पडद्यावर ती गुरं क्वचितच वळते. घोडा, गिटार, झालरीचा पोशाख आणि गाणं हे तिचं काम. आणि इथलं 'वेस्टर्न' म्हणजे अमेरिकेचा पश्चिम भाग. 'पाश्चात्त्य चित्रपटांची राणी' लिहिलंत तर वाचकाला पॅरिसही त्यातच वाटेल. 'वेस्टर्नपट' लिहा.

– 'सिंगिंग काउगर्ल' ही मुळात जाहिरातीतली पदवी. गायक-नट जीन ऑट्रीमुळे पडद्यावरचा गाणारा काउबॉय खपायला लागला, तेव्हा ग्रँड नॅशनल या छोट्या कंपनीने डोरोथी पेजला नायिका करून याच बिरुदाखाली तीन चित्रपट काढले. कंपनी लवकरच बुडाली, मालिका तिथेच थांबली. डेलचं तसं नाही. ती 1944 पासून वेस्टर्नपटांतला गाणारा नट रॉय रॉजर्स याची नायिका, 1947च्या 31 डिसेंबरला त्याची बायको. पण श्रेयनामावलीत रॉयनंतर बहुधा त्याचा घोडा ट्रिगर, डेल त्याच्याही खाली! तेव्हा पदवी म्हणून 'सिंगिंग काउगर्ल', वर्णन करताना 'गाणारी काउगर्ल'.

प्रश्न : अमेरिकी गायिका पॅट्सी मोंटानाच्या 1935च्या गाजलेल्या गाण्यात 'स्वीटहार्ट' आहे. 'प्रेयसी'च ना?

– कोशात तोच अर्थ. पण त्या गाण्यातल्या बाईला फास टाकायला आणि घोडा फेकायला शिकायचंय, बरोबरीनं हिंडायचंय. 'प्रेयसी'त ती खिडकीत वाट बघत बसते. मी 'जोडीदारीण' घेईन.

प्रश्न : त्यातल्या यॉडलिंगला 'तान' म्हणू?

– अजिबात नको. तान सलग धावते. यॉडलमध्ये छातीचा आवाज एकदम चोरट्या, म्हणजे वरच्या पातळ आवाजात (फॉल्सेटो) उलटतो, आणि तो सांधा मुद्दाम ऐकवायचा असतो. आपल्या गायकीत तो लपवण्यासाठी वर्षं जातात. करून बघायचं तर मंद्र नव्हे, मध्य सप्तकातला पंचम 'यो'वर मोकळा लावा आणि थेट तार गंधारावर 'ई' म्हणत उडी घ्या, मधले स्वर न लावता. मधून घसरलात तर ती मींड झाली. खालचा स्वर जोर लावून धरला तर आवाज उलटतच नाही, वर किंकाळी निघते. खाली 'ओ-आ', वर 'ई-ऊ' असे स्वर घेतले की उडी सोपी जाते. किशोरकुमारमुळे 'यॉडलिंग' सगळ्यांना ठाऊक आहे, तेच ठेवा.

प्रश्न : आणि अनेकवचन?

– 'दोन काउगर्ल', 'काउगर्लनी', 'काउगर्लचा घोडा'. 'काउगर्ल्सनी' कानाला खटकतं. ऱ्हस्व 'काउ' की दीर्घ 'काऊ' हे एकदा ठरवा. एकाच पानावर 'काऊबॉय' आणि 'काउगर्ल' नकोत.